पाण्याची ओळख : कुटुंबासह नौकाविहार करणाऱ्यांसाठी

बालाघाटाच्या पठारावर पडणाऱ्या पावसाला धाराशिव जिल्ह्यात दोन वाटा फुटतात. काही पाणी तेरणा व मांजरा यांच्या मार्गाने गोदावरीला मिळते, तर पश्चिमेकडे व दक्षिणेकडे उतरणारे पाणी सीना आणि बोरी यांच्यावाटे भीमेत व भीमेतून कृष्णेत जाते. दोन महानद्यांच्या खोऱ्यांची हद्द ज्या भूमीवरून जाते, त्या भूमीच्या नद्या स्वभावतःच लहान, उगमाजवळच्या आणि अल्पजीवी असतात. पावसाळ्यात चार-दोन वेळा तट ओलांडून वाहाव्यात, दिवाळीपर्यंत निवळून शांत व्हाव्यात आणि शिमग्याच्या सुमारास त्यांच्या पात्रात वाळू, दगड आणि वेडी बाभूळ एवढेच उरावे, हा त्यांचा नित्यक्रम. कोकणातील मुलाला भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाळण्यातच उमगते, कृष्णाकाठच्या मुलाला डोह कोठे आणि उतार कोठे हे घरची माणसेच सांगतात. परंतु आमच्याकडील मुलाची पाण्याशी भेट होते ती विहिरीत, हापशावर, नळाच्या तोटीखाली किंवा टँकरच्या नळीपाशी. वाहत्या आणि विस्तीर्ण पाण्याशी त्याचा सहवास घडत नाही, आणि कुटुंबासह होडीत बसण्याचा योग आल्यावर जो धोका संभवतो त्याचे मूळ या अपरिचयात आहे, असे माझे निश्चित मत आहे.

हा योग पूर्वी दुर्मिळ होता, आता तसा राहिलेला नाही. तेरजवळचा तेरणा प्रकल्प, लोहारा तालुक्यातील माकणीचे निम्न तेरणा धरण, परांडा तालुक्यातील सीना-कोळेगाव, कळंबच्या शेजारी जिल्ह्याच्या हद्दीवर असलेले धनेगावचे मांजरा धरण, अशा जलाशयांनी या अवर्षणप्रवण प्रदेशात विस्तीर्ण जलपृष्ठे निर्माण केली. नळदुर्गाच्या किल्ल्यात तर बोरी नदीवर दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, सतराव्या शतकाच्या आरंभी, बांध घालून त्याच्या पोटात पाणीमहाल रचला गेला. पूर आला की नर आणि मादी या दोन धबधब्यांतून पाणी खाली कोसळते आणि ते पाहण्यास दूरदूरची कुटुंबे येतात. अलीकडच्या वर्षांत तेथे नौकाविहाराचीही सोय झाली आहे. सुट्टीच्या दिवशी आजी-आजोबा, सुना, नातवंडे यांना घेऊन पाण्यावर घटकाभर तरंगावे, ही इच्छा सर्वथा निर्दोष आहे, किंबहुना दुष्काळाच्या छायेत वाढलेल्या माणसाला भरलेल्या पाण्याची जी ओढ असते ती इतरांना समजणेही कठीण. म्हणूनच या आनंदाला धक्का न लावता तो सुरक्षित कसा करता येईल, याचा विचार सविस्तर करणे अगत्याचे वाटते.

प्रथम पोहण्याविषयी. आमच्या खेड्यांतून अजूनही मुले विहिरीतच पोहायला शिकतात. पाठीला वाळलेला भोपळा, पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा किंवा तोंड घट्ट बंद केलेला पत्र्याचा डबा बांधून काका-मामा मुलाला पाण्यात सोडतात, आणि आठवड्याभरात तो पोरगा काठावरून मुटका मारू लागतो. ही विद्या अमूल्य आहे यात शंका नाही. परंतु विहिरीचे पाणी स्थिर असते, चारही बाजूंना हात टेकण्यास कडा असतो आणि कोणत्याही दिशेने दहा-वीस हात मारले की काठ लागतो. नदीच्या प्रवाहात किंवा जलाशयाच्या मध्यावर यांपैकी एकही गोष्ट खरी नसते. काठ शंभर-दोनशे हातांवर असतो, लाटांमुळे तो दिसतोही कमी, अंगावर ओली वस्त्रे असतात, आणि नाव उलटल्याच्या क्षणी श्वास अवेळी घेतला गेल्याने छातीत धडकी भरलेली असते. विहिरीत अर्धा तास सहज पोहणारा धडधाकट तरुण अशा वेळी काही मिनिटांतच थकून जातो, कारण तो प्रवाहाच्या विरुद्ध, ज्या ठिकाणी पडला त्याच ठिकाणी परत येण्याचा प्रयत्न करीत असतो. नदीत पोहणारा जाणता माणूस तसे करीत नाही. तो प्रवाहाबरोबर खाली जात जात तिरप्या रेषेने काठाकडे सरकतो आणि जेथे लागेल तेथे लागतो.

पाण्याच्या बळाविषयीही आपल्या कल्पना फार अपुऱ्या असतात. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट जड आहे, आणि प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा दुप्पट न होता चौपट होतो, वेग तिप्पट झाला तर नऊपट. त्यामुळेच गुडघाभर परंतु वेगवान पाण्यात प्रौढ पुरुषाचेही पाय सुटतात, आणि एखाद्या पुलावरून फूट-दीड फूट पाणी वाहत असता त्यात घातलेली मोटार तरंगून बाजूला ढकलली जाते. पाणी किती खोल आहे हे सारे विचारतात, ते किती वेगाने वाहते आहे हे मात्र फारच थोडे विचारतात.

आता दोन दुर्घटनांकडे वळावे लागेल. त्यांचे स्मरण क्लेशकारक आहे, पण त्यांतून जे कळते ते अन्य कोणत्याही उपायाने इतके स्पष्ट कळणार नाही. १४ सप्टेंबर २०२१ रोजी अमरावती जिल्ह्याच्या वरुड तालुक्यात झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटली आणि ११ माणसे बुडाली. ती परस्परांचे आप्त होती व घरातील दशक्रियेच्या निमित्ताने एकत्र आलेली होती. दुसरी घटना आपल्या अगदी शेजारची. परांड्याच्या सीमेला लागूनच असलेल्या करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे उजनीच्या फुगवट्यातून जाणारी प्रवासी होडी २१ मे २०२४ च्या सायंकाळी वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण मृत्युमुखी पडले, त्यांत एक दाम्पत्य आणि त्यांची दोन चिमुकली मुलेही होती, आणि पोहून काठ गाठणारा एकच निघाला. पहिली घटना भर पावसाळ्यातील, दुसरी ऐन उन्हाळ्यातील. एक वाहत्या नदीवरील, दुसरी धरणाच्या साचलेल्या पाण्यावरील. पाऊस नाही आणि पाणी संथ आहे एवढ्यावरून निर्धास्त होण्याचा आपल्याला अधिकार नाही, हे उजनीने दाखवून दिले.

उजनीसारख्या किंवा सीना-कोळेगावसारख्या जलाशयावर वाऱ्याला अडवणारे काहीही नसते. मोकळ्या पाण्यावरून वारा जितका दूरवर वाहत येतो तितक्या लाटा उंचावतात, आणि वैशाख-ज्येष्ठात वळवाचे ढग दुपारनंतर जमून सायंकाळी अकस्मात सुटणारा वारा दहा-पंधरा मिनिटांत आरशासारखे पाणी खवळून टाकतो. तेव्हा उन्हाळ्यातील नौकाविहार सकाळी करावा, दुपारी चारनंतर होडीत पाऊलही ठेवू नये, आणि पश्चिमेस काळे ढग, धुळीची भिंत किंवा वीज दिसताच, अर्धी फेरी बाकी असली तरी, नावाड्याला जवळच्या काठाकडे होडी वळवण्यास सांगावे. जवळच्या काठाकडे म्हणजे जेथून निघालो त्या धक्क्याकडेच असे नव्हे. गाडी पलीकडे उभी आहे म्हणून लाटा कापीत मागे फिरण्याचा हट्ट अनेकदा अनर्थाला कारण होतो.

होडीत बसतानाची शिस्त हा या विषयाचा गाभा आहे. रिकामी होडी पाण्यावर उंच तरंगते. माणसे चढत जातात तशी ती खाली बसत जाते, आणि पाण्याच्या पृष्ठापासून होडीच्या काठापर्यंत जे अंतर उरते तेच तुमच्या सुरक्षिततेचे माप. हे अंतर वीतभरही उरत नसेल तर कितीही संकोच वाटला तरी दोन माणसांनी उतरून पुढच्या फेरीला थांबावे. कुटुंब एकत्र बसावे म्हणून सर्वांनी एकाच होडीत दाटीवाटी करण्याची आपली रीत प्रेमाची आहे, परंतु पाणी नाती ओळखत नाही, वजन ओळखते. उभ्या माणसामुळे होडीचा तोल वर सरकतो व ती डचमळू लागते. म्हणून चढण्या-उतरण्याखेरीज कोणीही उभे राहू नये, चढताना एकेकाने वाकून, मध्यभागी पाय देऊन चढावे, आणि छायाचित्रासाठी सर्वांनी एका बाजूस धाव घेण्याचा प्रकार तर नावाड्याने कठोरपणे बंद करावा. नावाडी सांगेल ते ऐकणे यात कमीपणा नाही. पिढ्यान्‌पिढ्या जाळी टाकणाऱ्या भोई बांधवांना त्या पाण्याचे खाचखळगे जेवढे ठाऊक असतात तेवढे दप्तरातील कोणत्याही नकाशात नसतात. मात्र ज्या नावाड्याच्या श्वासाला मद्याचा वास येत असेल, त्याच्या होडीत घरचे मूल बसवू नये. आणि हाच नियम सहलीतील पुरुषांनाही लागू आहे. मद्याने तोल जातो, अंदाज चुकतो आणि भय नाहीसे होते, आणि पाण्यावर भय हे पुष्कळदा उपकारकच असते.

जाकिटाविषयी मला विशेष आग्रहाने लिहावयाचे आहे. मनुष्यदेह पाण्याहून किंचितच जड वा किंचितच हलका असतो. प्रौढ माणसाचे तोंड पाण्यावर राहावे यासाठी साधारण ३ ते ५ किलोग्रॅम उचल मिळाली तरी पुरते, आणि एवढी उचल देणारे जाकीट अंगावर असेल तर न पोहणारी आजीसुद्धा तासन्‌तास तरंगू शकते. परंतु ते अंगावर असले पाहिजे, होडीच्या तळाशी रचलेले नव्हे. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईच्या समुद्रात घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी नौकेला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली, तेव्हा बहुतेक प्रवाशांच्या अंगावर जाकिटे नव्हती. नाव उलटण्यास काही क्षण लागतात, आणि त्या काही क्षणांत पाण्यात पडलेल्या माणसाला जाकीट शोधून, बाह्यांत हात घालून, पट्टे आवळणे शक्य नसते. जाकीट चढवल्यावर सर्व पट्टे बांधावेत व दुसऱ्याने ते खांद्यांपाशी धरून वर ओढून पाहावे. ते कानांपर्यंत सरकले तर ते सैल आहे, पाण्यात तेच गळ्यावरून निसटून जाईल. लहान मुलाला मोठ्याचे जाकीट घालणे हे न घालण्याइतकेच निरर्थक. मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असल्याने त्याच्या जाकिटाला मानेमागे आधार आणि मांड्यांमधून जाणारा पट्टा हवा. असे जाकीट धक्क्यावर उपलब्ध नसेल तर त्या मुलासह त्याच्या आईने किंवा बापाने काठावर बसून इतरांचा विहार पाहावा. स्त्रियांनी साडीचा पदर व ओढणी जाकिटाखाली खोचून घ्यावी, म्हणजे ती कशात अडकणार नाही.

ट्रॅक्टरच्या चाकाची फुगवलेली ट्यूब, थर्माकोलचे तुकडे, रिकाम्या कॅनांची जोडणी, यांवर बसून तरंगण्याचा हौशी प्रकार आमच्या तलावांवर पाहावयास मिळतो. मासेमारी करणारे त्यावर बसतात हे खरे, पण ते त्यांचे नित्याचे साधन आहे आणि तेही निरुपायाने पत्करलेले. ट्यूबला दिशा नसते, वाऱ्याने ती मध्याकडे वाहते, बाभळीच्या एका काट्याने तिची हवा जाते, आणि लहान मूल तिच्या मधल्या पोकळीतून सहज खाली निसटते. कुटुंबाच्या सहलीत हिला जागा नाही.

वाहत्या पात्राविषयी लिहिताना कोल्हापुरी बंधाऱ्याचा उल्लेख न केला तर लेख अपुरा राहील. तेरणा आणि मांजरा या नद्यांवर असे बंधारे जागोजागी आहेत, आणि बंधाऱ्यावरून पाण्याची पातळ चादर खाली पडताना इतकी सुंदर व निरुपद्रवी दिसते की मुले तिच्याखाली बसू पाहतात. परंतु वरून पडणारे पाणी तळाला आपटून वर उसळते आणि त्यातील काही भाग उलट फिरून पुन्हा बंधाऱ्याकडेच येतो. या आडव्या भोवऱ्यात सापडलेली वस्तू, मग ती लाकडाचा ओंडका असो वा माणूस, वर येते, पुन्हा खाली ओढली जाते आणि तेथेच फिरत राहते. त्यात फेसाळ हवा मिसळलेली असल्याने ते पाणी नेहमीइतकी उचलही देत नाही. होडी, ट्यूब किंवा पोहणारा कधीही बंधाऱ्याच्या माथ्याकडे जाऊ देऊ नये, आणि खालच्या बाजूच्या फेसात उतरू नये. याशिवाय आमच्या नद्यांच्या पात्रांत वाळू उपशाने झालेले खड्डे आहेत. गुडघाभर पाण्यातून चालणारा मुलगा पुढच्याच पावलाला दोन पुरुष खोल खड्ड्यात जातो, कारण गढूळ पाण्यात तळ दिसत नाही. शेतकऱ्यांच्या विद्युत मोटारी आणि त्यांच्या पाण्यातून गेलेल्या तारा हा आणखी एक धोका, आणि तो बाहेरगावच्या पाहुण्यांना ठाऊकच नसतो. जेथे मोटार बसवलेली दिसेल तेथे पाण्यात उतरू नये, होडीही दुरून न्यावी.

प्रवाहात पडलेच तर उभे राहण्याचा प्रयत्न करू नये. पाय दगडांच्या फटीत अडकला की मागून येणारे पाणी माणसाला पुढे वाकवून बुडवते, मग ते कमरेइतके का असेना. पाठीवर उताणे व्हावे, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे आणि वर ठेवावेत, म्हणजे दगडाचा आघात डोक्याऐवजी तळव्यांवर येतो, आणि हातांनी काठाकडे वल्हवीत राहावे. पात्रात आडव्या पडलेल्या झाडाकडे वाहत जात असाल तर मात्र हा नियम सोडून पालथे होऊन जोराने बाजूला पोहून जावे, कारण फांद्यांतून पाणी जाते, माणूस जात नाही.

रायगड जिल्ह्यात कोलाडला कुंडलिका नदीवर जो रबरी तराफ्यांचा विहार चालतो, त्याची व्यवस्था येथे सांगण्याजोगी आहे. मुळशीचे पाणी भिऱ्याच्या विद्युतगृहातून खाली येऊन सकाळच्या वेळी त्या नदीत सोडले जाते, आणि त्या पाण्याच्या वेळेवरच सारा कार्यक्रम बांधलेला असतो. प्रत्येकाला जाकीट आणि शिरस्त्राण घालावे लागते, निघण्यापूर्वी काठावर सूचना दिल्या जातात. आमच्याकडे पाण्याची वेळ इतकी ठरलेली नसते. उन्हाळ्यात बंधारे भरण्यासाठी धरणातून नदीत आवर्तन सोडले जाते, तेव्हा काल कोरडे असलेले पात्र आज वाहू लागते. पावसाळ्यात धरण भरले की दरवाजे उघडतात. म्हणून सहलीस निघण्यापूर्वी पाटबंधारे खात्याच्या शाखा कार्यालयात, तलाठ्याकडे किंवा जिल्हा नियंत्रण कक्षाच्या १०७७ या क्रमांकावर विचारणा करावी, आणि धरणाचा भोंगा वाजला तर सामान गोळा करीत न बसता वर चढावे. भूम-वाशीकडे पडलेला पाऊस खालच्या गावात निरभ्र आकाशाखाली पूर घेऊन येतो. निवळ पाणी एकाएकी गढूळ होणे, त्यावर पालापाचोळा, काटक्या आणि फेस वाहत येणे, काठावरचा ओळखून ठेवलेला दगड बुडणे, वरच्या अंगाने घरघर ऐकू येणे, ही त्याची लक्षणे होत. २०२५ च्या सप्टेंबरात परांडा आणि भूम तालुक्यांत जो हाहाकार झाला, ज्यात पुराने वेढलेल्या माणसांना राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या बोटींनी आणि हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले, तो ज्यांनी पाहिला त्यांना या नद्यांच्या बळाविषयी अधिक सांगण्याची गरज नाही. पितृपक्ष उलटून पाणी निवळेपर्यंत कुटुंबाला घेऊन वाहत्या नदीत उतरूच नये.

मुलांवर लक्ष ठेवण्याचे काम सर्वांचे असले की ते कोणाचेच राहत नाही. दहा मोठी माणसे गप्पा मारीत असताना त्यांच्या समोरच्या पाण्यात मूल बुडते, याचे कारण बुडणारे मूल ओरडत नाही. तोंड पाण्याखाली-पाण्यावर होत असता त्याला श्वासच पुरत नाही, मग हाक कोठून येणार. हात आपोआप बाजूंना पसरून पाणी दाबीत असतात, त्यामुळे ते हात हलवून खूणही करू शकत नाही. अर्ध्या-एक मिनिटात ते नि:शब्दपणे खाली जाते. तेव्हा नाव घेऊन एका माणसाची नेमणूक करावी: आता अर्धा तास वहिनी पाहतील, नंतर भाऊ पाहतील, आणि ज्याच्याकडे पाळी आहे त्याने फोन दुसऱ्याकडे द्यावा. काठावरील शेततळ्यांनाही हाच नियम लावावा, कारण प्लॅस्टिकच्या कागदाने मढवलेल्या त्यांच्या उतारावरून घसरलेल्या मोठ्या माणसालाही वर चढता येत नाही.

कोणी बुडताना दिसल्यास त्याच्यामागे उडी घेण्याची ऊर्मी अत्यंत स्वाभाविक व उदात्त आहे, आणि तिच्यामुळेच एका घरातील तीन-तीन माणसे एकाच दिवशी जातात. बुडणारा ज्याला धरील त्याला खाली दाबतो. काठी, वल्हे, गाठी मारलेले धोतर किंवा साडी, कासरा, रिकामा घट्ट कॅन, यांपैकी जे हाती लागेल ते फेकावे; काठावरच्याने पालथे पडून किंवा झाडाला धरून ओढावे. या कामासाठी पंधरा-वीस मीटर लांबीचा, टोकाला तरंगणारा डबा बांधलेला दोर प्रत्येक सहलीत बरोबर असावा.

बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर त्याला उलटे टांगणे, पाठीवर घेऊन पळणे, गरगर फिरवणे किंवा पोट दाबणे, हे जुने उपाय तत्काळ थांबवावेत. त्यांत वेळ जातो, आणि पोटातील पाणी वर येऊन श्वासमार्गात शिरते. बुडालेल्याला प्रथम हवी असते हवा. त्याला कठीण जमिनीवर उताणे निजवून, हनुवटी वर उचलून, नाक चिमटीत धरून तोंडाने पाच श्वास द्यावेत. मूल असल्यास गालभर, छाती किंचित उंचावेल एवढेच. मग छातीच्या मध्यभागी ३० दाब, मिनिटाला १०० ते १२० या गतीने, आणि पुन्हा दोन श्वास, असा क्रम मदत येईपर्यंत सोडू नये. दुसऱ्याने त्याच वेळी १०८ वर रुग्णवाहिका व ११२ वर मदत मागवावी आणि गाव, शिवार, जवळचा पूल यांचे नाव स्पष्ट सांगावे. माकणीच्या किंवा कोळेगावच्या काठावरून मोठे रुग्णालय दूर आहे. मधला अवधी काठावरच्या माणसांच्याच हातांनी भरून काढावा लागतो. मूल शुद्धीवर येऊन बोलू लागले, खाऊ मागू लागले, तरी त्याला घरी न नेता दवाखान्यात न्यावे. फुप्फुसांत गेलेल्या थोड्याशा पाण्याचा परिणाम काही तासांनी खोकला, धाप किंवा ग्लानी या रूपाने प्रकट होऊ शकतो. डॉक्टरांना ते किती वेळ पाण्याखाली होते आणि श्वास परत येण्यास किती वेळ लागला, हे आठवून सांगावे.